नकाशा घेऊन कोणत्या नाइटच्या मागे जावं?

एका मैत्रिणीने विचारलं, मध्ययुगीन युरोपातल्या नाइटांवरचं एकच काव्य वाचायचं तर कोणतं? ती शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असते आणि पुस्तक हातात आलं की आधी नकाशाचं पान शोधते. "सगळीच छान आहेत" हे उत्तर तिला चाललं नसतं. म्हणून मी चार काव्यं पुन्हा काढली, शेजारी नकाशा उघडला आणि प्रत्येक काव्याला एकच प्रश्न विचारत गेलो: हा घोडेस्वार ज्या जमिनीवरून जातो, ती जमीन त्याचं काय करते?

चारांपैकी सगळ्यात जुनं 'रोलांचं गीत'. जुन्या फ्रेंचमधलं, अकराव्या शतकाच्या अखेरचं, सुमारे 4,000 ओळींचं. दुसरं 'इव्हेन' किंवा 'सिंहवाला नाइट', क्रेतियाँ द त्र्वा या कवीचं, 1170 ते 1180च्या दरम्यानचं, 6,800 ओळींच्या आसपास. तिसरं 'सिदचं गीत', स्पेनमधल्या कास्तीली भाषेतलं. त्याच्या एकमेव हस्तलिखितात शेवटी पेर अब्बात हे नाव आणि आजच्या हिशोबाने 1207 हे साल आहे. ओळी 3,700हून थोड्या जास्त. चौथं 'सर गवेन आणि हिरवा नाइट', चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं इंग्रजी काव्य, 2,530 ओळी. कवीचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

'नाइट' या शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडे सगळ्यात जवळचा शब्द शिलेदार. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, त्यामुळे मानही स्वतःचा. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर वेगळा. फ्रेंच 'शेव्हालिए' आणि स्पॅनिश 'काबायेरो' हे दोन्ही शब्द घोड्यावरूनच आले आहेत. इंग्रजी 'नाइट' मात्र मुळात पोरगा, चाकर या अर्थाचा. हा फरक शब्दापुरता आहे असं मला आधी वाटायचं. पण इंग्रजी काव्यात हिरवा नाइट राजा आर्थरच्या भर दरबारात घोड्यासकट शिरतो आणि तिथल्या सगळ्यांना मिसरूड न फुटलेली पोरं म्हणतो. उलट सिदची दाढी अशी, की तिला आजवर कुणी हात लावलेला नाही, हे तो स्वतः कोर्टात सांगतो. फ्रँकांचा राजा शार्लमेन याची पांढरी दाढी तर फ्रेंच काव्यात पानापानावर भेटते. कुणाला प्रबंधाला विषय हवा असेल तर दाढी घ्या.

नकाशा कुठे जुळतो

'रोलां'च्या सुरुवातीलाच नकाशा फसतो. शार्लमेन सात वर्षं स्पेनमध्ये आहे, सगळं जिंकलंय, फक्त सारागोसा उरलंय आणि ते "एका डोंगरावर" आहे, असं कवी सांगतो. सारागोसा एब्रो नदीकाठी सपाटीवर वसलेलं शहर आहे. कवी तिथे गेला नसावा, आणि जाण्याची त्याला गरजही वाटली नसावी. शत्रूचं शेवटचं ठाणं उंचावरच असलं पाहिजे, असा त्याचा हिशोब.

इतिहासही असाच वाकवलेला आहे. 15 ऑगस्ट 778 रोजी पिरेनीज ओलांडून परतणाऱ्या शार्लमेनच्या पिछाडीवर बास्क लोकांनी हल्ला केला. मेलेल्यांमध्ये ब्रिटनीच्या सरहद्दीचा अधिकारी रोलां होता, अशी नोंद शार्लमेनच्या चरित्रकाराने, आइनहार्डने केली आहे. काव्यात बास्क नाहीतच. त्यांच्या जागी सारासेनांचं, म्हणजे मुसलमानांचं, अफाट सैन्य येतं आणि डोंगरातली चकमक धर्मयुद्ध होते.

खिंड मात्र खरी आहे. "डोंगर उंच, दऱ्या काळोख्या" अशा अर्थाची ओळ थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आणते. नावारामधल्या रोन्सेसव्हायेसजवळ इबान्येताची ही खिंड 1,057 मीटरवर आहे, आणि सांतियागोच्या यात्रेचे वाटसरू आजही तिथून चालत जातात. मराठी वाचकाला इथे पावनखिंड आठवणारच. मला आठवली, पण तुलना पुढे नेल्यावर वेगळंच दिसलं. बाजीप्रभू विशाळगडावरच्या तोफांची वाट पाहत लढतो, आवाज येईपर्यंत खिंड सोडायची नाही. रोलांच्या हातात आवाज आहे, ऑलिफांत नावाचं हस्तिदंती शिंग आहे, आणि तो ते वाजवत नाही. त्याचा मित्र ऑलिव्हर विनवतो, शार्लमेनला बोलाव. रोलां नाही म्हणतो, कारण घराण्याला बट्टा लागेल. शेवटी वाजवतो तेव्हा वाचवण्यासारखं कुणी उरलेलं नसतं. ते शिंग तीस कोसांवर ऐकू गेलं, असं कवी म्हणतो. डोंगराने आवाज पोचवला, माणूसच उशिरा बोलला.

सिदचा कवी याच्या अगदी उलट. हा मनुष्य वाट पायाखालून घातलेला वाटतो. राजा सहावा आल्फोन्सो सिदला हद्दपार करतो, कास्तील सोडायला नऊ दिवस देतो, आणि काव्य त्या मुदतीच्या तालावर चालतं. बिव्हार, बुर्गोस, कार्देन्याचा मठ, नावापालोसला दुएरो नदीचा उतार, मिएदेसची डोंगररांग, मग कास्तेहोन. कुठे मुक्काम पडला, कुठे घोड्यांना दाणा घातला, रात्री चालले की दिवसा, सगळं येतं. तेरुएल प्रांतातल्या एका टेकडीवर त्याने तळ ठोकला. या जागेला लोक यापुढे 'सिदचा पोयो' म्हणतील, असं कवी सांगतो. एल पोयो देल सिद नावाचं गाव आजही नकाशावर आहे.

सान एस्तेबान दे गोर्मास आणि मेदिनासेली या दोन गावांच्या आसपास तपशील इतका दाट होतो, की रामोन मेनेन्देस पिदाल या अभ्यासकाने त्यावरून कवीचा मुलूख शोधायचा प्रयत्न केला. याच मेनेन्देस पिदालने 1900 साली लग्नानंतरचा प्रवास सिदच्या हद्दपारीच्या वाटेने केला. बायको मारिया गोयरी स्वतः विदुषी. वाटेत एल बुर्गो दे ओस्मा गावात कपडे धुणाऱ्या एका बाईच्या तोंडून त्यांना जुनं लोकगीत ऐकायला मिळालं, आणि त्यातून दोघांचं आयुष्यभराचं संशोधन उभं राहिलं. असा मधुचंद्र फार थोड्यांच्या नशिबी.

'इव्हेन'मध्ये नकाशा उघडून बसलात तर फसाल. आर्थरचा दरबार वेल्समधल्या कार्दुएल इथे भरलेला आहे. तिथून कालोग्रेनां हा नाइट ब्रोसेलियांदच्या जंगलात पोचल्याची हकिगत सांगतो. ब्रोसेलियांद ब्रिटनीत, म्हणजे समुद्रापलीकडे. पण कथेत समुद्रच नाही. ना जहाज, ना बंदर, ना खारा वारा. क्रेतियाँला भूगोल येत नव्हता असं मला वाटत नाही. त्याच्या नाइटला वाट हवी तिथे वाट फुटते, एवढंच.

याच जंगलातल्या झऱ्याची कीर्ती वास या जर्सी बेटावरच्या कवीने आधीच ऐकली होती. पाणी दगडावर ओतलं की वादळ उठतं म्हणे. तो स्वतः बघायला गेला, जंगल पाहिलं, जमीन पाहिली, चमत्कार काही दिसला नाही. मग त्याने लिहून ठेवलं, की मूर्ख म्हणून गेलो आणि मूर्ख म्हणूनच परत आलो. साहित्यिक पर्यटनाचा हा बहुधा सगळ्यात प्रामाणिक अहवाल. आज ब्रिटनीतल्या पेंपों जंगलातला बारांतोंचा झरा तो हाच म्हणून दाखवतात, आणि लोक पाणी ओतून पाहतात.

गवेनचा नकाशा या तिघांहून विचित्र आहे. आधी सगळं धूसर, "लोग्रेसच्या", म्हणजे आर्थरच्या, "राज्यातून" वगैरे. मग एकाएकी पत्ता लागतो: उत्तर वेल्स, डाव्या हाताला अँगल्सीची बेटं, खाडीचे उतार, पलीकडे विरलचं रान. तिथे देवावर किंवा माणसावर माया करणारी माणसं थोडीच, असा शेराही कवी मारून जातो. काव्याची बोली चेशर-स्टॅफर्डशरच्या बाजूची आहे, त्यामुळे शेजारच्या मुलखाला मारलेला हा टोमणा ऐकणाऱ्यांना नेमका कळला असणार. विरल ओलांडलं की नावं पुन्हा संपतात. उरतात फक्त कडे, ओढे, धुकं.

अंगाला काय लागतं

रोलां मरतो तो शत्रूच्या तलवारीने नव्हे. शिंग इतक्या जोराने फुंकतो की कपाळाची शीर फुटते. मरताना तो पाइनच्या झाडाखाली स्पेनकडे तोंड करून पडतो, म्हणजे जिंकत जिंकत गेला असं लोकांना दिसावं. त्याआधी दुरांदाल तलवार फोडायचा प्रयत्न करताना तिने जिंकलेले मुलूख मोजतो: आंजू, ब्रिटनी, नॉर्मंडी, बव्हेरिया, फ्लांडर्स, आणि पुढे कॉन्स्टँटिनोपल, स्कॉटलंड, इंग्लंडसुद्धा. शार्लमेनने इंग्लंड कधी जिंकलं नव्हतं. पण मरणाऱ्याला कोण टोकणार? या काव्यात जमीन म्हणजे नावांची यादी, आणि अंग म्हणजे ती यादी वाचून होईपर्यंत टिकलेला श्वास.

गवेनचं अंग वेगळ्या गोष्टीने हैराण होतं. सर्प, लांडगे, रानमाणसं, अस्वलं, रानडुकरं, राक्षस या सगळ्यांशी तो लढतो आणि कवी हे सगळं मोजक्या ओळींत उरकतो. मग म्हणतो, लढाईचं एवढं काही नाही, हिवाळा त्याहून वाईट. चिलखत घालून उघड्या खडकांवर झोपायचं, बर्फमिश्रित पाऊस लोखंडावर पडतोय, वर हिमाचे सुळे लटकलेले. ट्रेकला भिजलेल्या स्लीपिंग बॅगेत रात्र काढलेल्या कुणालाही हे कडवं लगेच कळेल. चारही काव्यांत हवामान खरं लागतं ते फक्त इथे. 'इव्हेन'मधलं वादळ दगडावर पाणी ओतलं की येतं आणि थांबलं की झाडावर पक्षी गायला लागतात. ते सुंदर आहे, पण त्यात कुणी भिजत नाही.

मुक्कामाची जागा, हिरवं देऊळ, सापडते तेव्हा ती देऊळ नसतेच. गवताने माखलेला उंचवटा, तीन बाजूंना भोकं, आत पोकळ: "जुनी गुहा, नाहीतर जुन्या कड्यातली भेग." स्टॅफर्डशरमध्ये लड्स चर्च नावाची शेवाळलेली खोल घळ आहे, ती हीच असावी असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे, की कवीने आपल्या नाइटला शेवटी राजवाड्यात किंवा रणांगणावर नाही, तर एका बिळापाशी आणून उभं केलं. वरून परशू घासल्याचा आवाज येतोय, आणि वर्षभरापूर्वी हिरव्या नाइटचं डोकं उडवलं त्याची परतफेड म्हणून मान पुढे करायची आहे.

पैसा

इथे सिदला तोड नाही. काव्य सुरू होतं तेव्हा तो रडतोय. मागे वळून बघतो तर घराची दारं सताड उघडी, बहिरी ससाण्यांच्या दांड्या रिकाम्या. बुर्गोसमध्ये राजाचं मोहोरबंद पत्र पोचलेलं, याला थारा देईल त्याचे डोळे जातील. कुणी दार उघडत नाही. नऊ वर्षांची एक पोर पुढे येऊन त्याला सांगते, जा बाबा, आमच्या वाइटातून तुला काही मिळणार नाही. मग तो वाळूने भरलेल्या दोन पेट्या सोन्याच्या म्हणून राकेल आणि बिदास या सावकारांकडे गहाण ठेवतो आणि 600 मार्क उचलतो.

नायकाची पहिली कर्तबगारी म्हणजे फसवणूक! यानंतर प्रत्येक लढाईला हिशोब आहे. लूट किती, तिचा पाचवा हिस्सा सिदचा, बाकी कुणाला किती, राजाला किती घोडे नजर केले. 1094 साली त्याने व्हॅलेन्सिया घेतलं हे इतिहासात आहे. काव्यात त्या विजयाचं मोजमाप एकाच ओळीत होतं: पायदळात होते ते आता घोडदळात गेले. बारगीर आणि शिलेदार यांतलं अंतर ज्याला कळतं त्याला या ओळीचं वजन वेगळं सांगायला नको. आणखी एक गंमत, 'सिद' हा शब्द अरबी 'सय्यद'वरून आला. म्हणजे कास्तीलच्या या वीराला नाव मिळालं ते ज्यांच्याशी तो लढला त्यांच्या भाषेतून.

रोलांला पैशाची फिकीर नाही, गवेनलाही त्याची ददात नाही. पण 'इव्हेन'मध्ये पैसा भलत्याच जागी उगवतो. एका वाड्यात 300 मुली रेशीम विणताना दिसतात. फाटके कपडे, खंगलेले चेहरे. त्यातली एक सांगते, आमच्या कामाच्या दर लिव्हरमागे आम्हाला चार दनिए मिळतात. लिव्हरमध्ये दनिए 240, म्हणजे साठावा हिस्सा. ज्याच्यासाठी राबतो तो श्रीमंत होतो आणि आम्ही इथेच. परीकथेच्या जंगलातून जाता जाता क्रेतियाँ कारखान्यात घेऊन जातो, आणि ही जागा कुठल्याही नकाशावर नसली तरी काव्यातली सगळ्यात खरी जागा वाटते. इव्हेन त्यांना सोडवतो, पण सोडवण्यापेक्षा ते बोलणं लक्षात राहतं.

रान आणि झरा

शेजारी शेजारी ठेवण्यासारखे दोन प्रसंग आहेत. 'इव्हेन'मध्ये कालोग्रेनां एका कुरूप गुराख्याला भेटतो. गुराखी विचारतो, तू कोण? हा म्हणतो, मी नाइट, जे सापडत नाही ते शोधतोय. म्हणजे काय? साहस. गुराखी म्हणतो, साहस-बिहस मला ठाऊक नाही, पण पलीकडे एक झरा आहे बघ. नाइट या व्यवसायाची इतकी हसरी उलटतपासणी दुसरीकडे वाचलेली आठवत नाही. त्याच झऱ्यावर इव्हेन रखवालदाराला मारतो, त्याच्या विधवेशी लग्न करतो, वर्षभराची सुट्टी मागून स्पर्धा खेळायला जातो, मुदत विसरतो आणि वेडा होऊन रानात नागवा फिरतो. त्याला सोबत ओढून नेणारा मित्र गवेनच. पण हा फ्रेंच गवेन रुबाबदार आणि थोडा उडाणटप्पू, बिळापाशी मान वाकवणारा नव्हे.

'सिद'मध्येही एक रान आणि एक झरा आहे. कोर्पेसच्या ओकवनात, फांद्या ढगांना भिडलेल्या, नितळ पाण्याच्या झऱ्याकाठी सिदचे दोन्ही जावई आपल्या बायकांना रात्री जवळ घेतात आणि सकाळी कपडे उतरवून पट्ट्यांनी आणि टाचेच्या आऱ्यांनी रक्तबंबाळ होईपर्यंत मारतात, तिथेच टाकून जातात. चमत्कार नाही, पक्षी गात नाहीत. सिद सैन्य घेऊन चालून जात नाही. तोलेदोला राजाला कोर्ट भरवायला लावतो. आधी तलवारी परत मागतो, मग 3,000 मार्कांचा आहेर, आणि हे दोन्ही मिळाल्यावर अब्रूसाठी द्वंद्व. आजच्या वकिलाने हेवा करावा असा क्रम. मला हा भाग सगळ्या लढायांपेक्षा चित्तथरारक वाटतो, तरी खऱ्या सिदच्या मुलींच्या बाबतीत असं काही घडलं नव्हतं आणि त्यांची नावंही वेगळी होती.

'रोलां'त बाई जवळजवळ नाहीच. रोलांची वाग्दत्त वधू ओद मरणाची बातमी ऐकते आणि जागच्या जागी कोसळते. काव्य पुढे चालू पडतं. शिवाय "काफर चूक, ख्रिस्ती बरोबर" ही भूमिका त्यात इतकी उघड आहे, की आजच्या वाचकाला दर काही पानांनी दात आवळावे लागतात. 'सिद'मध्ये मूर, म्हणजे स्पेनमधले मुसलमान, शत्रू आहेत, गिऱ्हाईक आहेत आणि मोलिनाचा आबेन्गाल्बोन हा तर जिवाभावाचा मित्र आहे. रोलांच्या कवीला असा मित्र कल्पनेतही आला नसता.

मग कोणतं?

इंग्रजी अनुवादातून वाचायचं असं धरतो. 'रोलां' दोन संध्याकाळी संपतं आणि मोठ्याने वाचलं तरच जमतं. मनात वाचलं तर तेच तेच वाटेल. ज्याला एका वेळी एकच भावना चालते, तीही टिपेला, त्याने ते घ्यावं. 'इव्हेन' सगळ्यांत लांब, पण सगळ्यांत सोपं. कथा आवडणाऱ्या, नकाशाची पर्वा नसलेल्या माणसाला निःशंक तेच द्या. गवेनला अनुवाद नीट निवडावा लागतो. मूळ छंद ओळीतल्या अनुप्रासावर उभा आहे आणि तो उतरला नाही तर हिवाळा पुस्तकातच गोठतो. सायमन आर्मिटेजने 2007 साली केलेला अनुवाद तो ताल धरतो. टोल्किनचा जास्त निष्ठावंत आहे, पण मला जरा जुनाट वाटतो.

मैत्रिणीला मी गवेन सुचवलं. कारण जिथे नकाशावरची नावं संपतात तिथूनच त्याची खरी परीक्षा सुरू होते, आणि दर शनिवारी नकाशा खिशात घालून निघणाऱ्या बाईला हे वाचायला मिळावं असं वाटलं. तिने ऐकून घेतलं आणि 'सिद' मागवलं. स्पेनमध्ये बुर्गोसपासून आलिकांतेपर्यंत आठ प्रांतांतून जाणारी सिदची वाट पर्यटकांसाठी आखलेली आहे, आणि गावोगाव शिक्के मारून घेण्यासाठी परवान्यासारखं एक पुस्तक मिळतं, हे मी बोलण्याच्या ओघात सांगितलं, तिथेच माझा खटला बुडाला. राजाच्या मोहोरेने ज्याला दारं बंद झाली त्याच्या वाटेवर आता मोहोरा गोळा करायच्या, याचं तिला फार हसू आलं.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. व्हॅलेन्सिया पडलं होतं, सगळे श्रीमंत झाले होते, सिदचा उजवा हात मिनाया राजाला नजराणे देऊन परत निघाला होता आणि ते दोघे सावकार त्याच्यासमोर हात जोडून उभे होते. तो म्हणाला होता, बघतो.

"मिळतात का रे शेवटी त्यांचे पैसे?"

शेवटपर्यंत वाच म्हटलं. काव्यात पुन्हा त्या दोघांचं नाव येत नाही.